भाऊंच्या मनगटावरचा पट्टा

गाडीत न बसताही गाडी लागणारा माणूस अख्ख्या मावळात एकच, आणि ते नेमके माझ्या बायकोचे चुलते आहेत. वडिवळ्यात सगळे त्यांना भाऊ म्हणतात. लग्नाच्या व्हिडिओत कॅमेरा गरकन फिरला की भाऊ लिंबू हुंगायला उठतात. कामशेतच्या सलूनवाल्याने हौसेने फिरती खुर्ची आणली, तेव्हापासून त्यांची दाढी घरीच होते. लेक दिली खंडाळ्याचा घाट उतरून खोपोलीला, पण तिच्या घरी भाऊ एकदाही गेले नव्हते. "लेकीला मूल व्हईस्तवर तिच्या घरचं पाणी पिऊ न्हाई," असं ते गंभीरपणे सांगत. ही रीत त्यांच्या घरात दुसरं कुणीच पाळत नव्हतं.

मग लेकीला दिवस गेले आणि कारण संपत आलं. बायकोने त्यांच्यासाठी मनगटाला बांधायचा एक पट्टा मागवला. दिसायला घड्याळ, पण आतून हाताला बारीक करंट देऊन मळमळ थांबवणारा. "टाइम दावत न्हाई, मंग घड्याळ कसलं?" असं म्हणत भाऊंनी तो बांधला, तो पुन्हा सोडलाच नाही. भातलावणीतही पट्टा हातावर, वरून दुधाची रिकामी पिशवी गुंडाळलेली. ग्रामसभेत सरपंच बोलायला उठले की भाऊ बटण दाबून करंट वाढवत. "आज लय वाढवावा लागला," असं नंतर मला सांगत.

एका रविवारी मी त्यांना घाटाखाली नेलं. डोळे मिटून, बोट बटणावर ठेवून ते खोपोलीला सुखरूप उतरले आणि ही बातमी त्यांनी नाक्यावरच्या रिक्षावाल्यालाही दिली. घरात लेक भिंतीला टेकून बसली होती. पार वाळली होती. पोटात पाणीसुद्धा ठरत नव्हतं. भाऊ तिच्यासमोर जाऊन बसले. मग जावयाला डॉक्टरीणबाईंना फोन लावायला लावला, आणि त्यांनी चालेल म्हटल्यावर स्वतःचा पट्टा सोडून तिच्या हाताला बांधला.

"हितं झिणझिण व्हईल. घाबरू नगं."

"आन् भाऊ, तुमी घाट कसा चढणार?"

"माजी गाडी लागायची सवय गेली आता."

तासाभराने तिने वाटीभर वरणभात खाल्ला आणि तो आत राहिला. तेव्हा भाऊंनी तिच्याकडे तांब्याभर पाणी मागितलं आणि सगळं प्यायले.

ते पाणी घाटातच बाहेर आलं. जुन्या रस्त्याने मी वळणावळणाला गाडी थांबवत होतो. चूळ भरून भाऊ दर वेळी एवढंच म्हणत, "पाव्हणं, तिला आता झोप लागली असंल." त्या दिवसापासून हा माणूस मला फार आवडतो.

ग्रामसभेत सरपंच उठले की भाऊ अजूनही मोकळ्या मनगटावर अंगठा दाबून बसतात. परवा मी म्हटलं, नवा पट्टा मागवू का?

"कशापायी?" भाऊ म्हणाले. "एक हाय की आपल्या खोपोलीच्या घरात."