पदेराचे उंडे

मिरजेहून निघताना धाकट्या बहिणीने विचारलं, "गोव्याला जातेस आणि समुद्र बघणार नाहीस? मग जातेस तरी कशाला?" मी म्हटलं, "माफी मागायला." तिने जेवणाचा डबा माझ्या हातात दिला.

गोवा घटकराज्य होऊन थोडीच वर्षं झाली होती, तेव्हा मी पणजीत होते. विद्यापीठातल्या मुलांमध्ये ख्रिस्ती सेवाकार्य हे माझं काम. म्हणजे रविवारी दुपारी भाड्याच्या खोलीत बायबल अभ्यास घ्यायचा, परीक्षेच्या दिवसांत चहा करून द्यायचा आणि कुणाचं काय बिनसलंय ते ऐकत बसायचं. प्रार्थना कोकणीत करायची की मराठीत यावर मुलं तावातावाने भांडायची, आणि मग दोन्हींत करायची. पेडण्याची फिलू त्यांच्यातलीच. (हे तिचं खरं नाव नाही. का, ते पुढे येईलच.) तिचे वडील पदेर (पाव भाजणारे). दर रविवारी ते तिच्याबरोबर कापडी पिशवी भरून उंडे (कडक पाठीचे गोल पाव) पाठवायचे. अभ्यास संपेपर्यंत पिशवीला हात लावायचा नाही हा नियम मी केला होता, आणि तो मोडायचेही मीच.

एका रविवारी सगळे गेल्यावर फिलूने हळूच सांगितलं की पाय (बाबा) फार पितात. आमच्या कामात दर महिन्याला प्रार्थनापत्र लिहायची रीत आहे. जी माणसं आपल्या कामासाठी प्रार्थना करतात, त्यांना मुलांची सुखदुःखं कळवायची. मी कळवलं, नावासकट आणि गावासकट. म्हापशाच्या एका भाविक बाईंना ते पत्र वाचून इतकं भरून आलं, की त्यांनी थेट पेडणं गाठलं आणि भट्टीच्या दारात, सकाळच्या गिऱ्हाइकांसमोर डोळे मिटून पदेराची दारू सुटावी म्हणून मोठ्याने प्रार्थना केली. त्यांच्या हातात माझं पत्र होतं.

पुढच्या रविवारी फिलू आली नाही. नंतरही कधी आली नाही. मी दोन पत्रं टाकली, त्यांना उत्तर आलं नाही आणि मग माझी बदली झाली. पुढच्या पंचवीस वर्षांत कितीतरी मुलं माझ्या हाताखालून गेली. कुणाची लग्नं मी लावून दिली, कुणाच्या मुलांची नावं मी ठेवली. पण रविवारी दुपार झाली की मला ती कापडी पिशवी आठवते. आता निवृत्त झाल्यावर हे टाळायला एकही सबब उरली नव्हती.

सावंतवाडीला गाडी बदलून पेडण्यात उतरले. रस्त्याकडेला भाताची कापणी चालली होती, हवेला पेंढ्याचा वास होता. भट्टी सापडली, पण तिच्या धुराड्यावर गवत उगवलं होतं. समोर भाजी विकणाऱ्या म्हातारीला मी विचारलं, "पदेर कुठे असतात?"

"तो गेलो गे बाये. धा वर्सां जालीं." ती लाल भाजीच्या जुड्या लावत म्हणाली, "धूव आसा. दिवचल शिकयता, शाळेंत." (मुलगी आहे. डिचोलीला शाळेत शिकवते.)

मी दोघांची माफी मागायला आले होते. त्यातलं एकच माणूस उरलं होतं. मी भट्टीच्या पायरीवर बसून घेतलं. म्हातारीने न विचारता पाण्याचा तांब्या पुढे केला.

म्हापशाला बस बदलायची होती. रिकाम्या हाताने कसं जायचं म्हणून बाजारातून अर्धा डझन उंडे घेतले. पदेराच्या लेकीकडे विकतचे उंडे नेणं हा कसला शहाणपणा, हे कळलं तेव्हा बस शिरगावपाशी पोचली होती. खाणीचे ट्रक गेले की लाल धूळ खिडकीतून आत यायची. डिचोलीला उतरले तेव्हा माझी पांढरी साडी विटकरी झाली होती.

"फिलू टीचर" म्हटल्यावर रिक्षावाल्याने शाळेच्या दारात नेऊन सोडलं. मधली सुट्टी होती. व्हरांड्यात वह्या तपासत बसलेल्या बाईंनी चष्मा वर केला.

"ताई? तूंच मगे?" (तूच ना?)

मी वाटेत पाठ केलेलं सगळं विसरले. एवढंच म्हणाले, "फिलू, माझं चुकलं. तू विश्वासाने सांगितलेलं मी गावभर केलं."

तिने माझ्या हातातली पिशवी घेतली, एक उंडा काढून उलटा केला आणि बोटाच्या पेराने वाजवला. "भितर कच्चो आसा," ती म्हणाली. "पाय हो विकपाक दिवचो नासलो." (बाबांनी हा विकू दिला नसता.)

"फार रागावले होते का माझ्यावर?"

"ना. लजलो." (नाही. लाजले.) तिने उंडा परत पिशवीत ठेवला. "ताई, पायचें पियेवप तुवें बरयलें. ताचे उंडे तूं दर आयतारा खाताली. तें कित्याक बरयलें ना?" (बाबांचं पिणं तू लिहिलंस. त्यांचे उंडे दर रविवारी खायचीस. ते का नाही लिहिलंस?)

पंचवीस वर्षं मी भलत्याच गोष्टीची माफी तयार करत होते.

घंटा झाली. तिने वह्या उचलल्या, माझ्या खांद्यावरची धूळ हाताने झटकली आणि म्हणाली, "आतां बरय. म्हजें नांव बदल. ताचे उंडे मात बरय." (आता लिही. माझं नाव बदल. त्यांचे उंडे मात्र लिही.) आणि ती वर्गात गेली. आम्ही एकत्र प्रार्थना केली नाही. करूया असं ती म्हणाली असती तर किती बरं वाटलं असतं.

मिरजेला पोचल्यावर बहिणीने विचारलं, "केलं का माफ?" मी म्हटलं, "काम दिलंय." तेच करायला बसले आहे.

पेडण्यात एक पदेर होते. त्यांच्या उंड्याची पाठ कडक असायची, वाजवली की पोकळ वाजायची, आणि आतून तो दुपारपर्यंत मऊ राहायचा. शिकणाऱ्या मुलांना भूक लागते म्हणून दर रविवारी ते मोजल्यावाचून पिशवी भरायचे. तीन वर्षं मी ते उंडे खाल्ले. पणजीहून पेडणं तासा-दीड तासाच्या वाटेवर होतं, आणि मी त्यांना भेटायला एकदाही गेले नाही.