उंबऱ्यावरची मिठाची पुरचुंडी

नववीच्या मुलांकडून मी वर्षानुवर्षं दोन याद्या पाठ करून घेतल्या. संरक्षण, रेल्वे, टपाल केंद्राकडे. पोलीस, शेती, जमीन राज्याकडे. मीठ कोणाकडे, हे कधी कुणी विचारलं नाही. ते केंद्राकडे आहे हे मला पनवेलजवळच्या आमच्या मिठागरात कळलं, आणि कळलं तेव्हा माझं डोकंच फिरलं.

आमचं घर मिठागराच्या बांधावर, संडास पार पलीकडच्या टोकाला. आईचं कमरेचं हाड मोडलं तेव्हा तिला माझ्या कळंबोलीच्या फ्लॅटवर आणलं; बाबा मिठागर राखायला तिथेच राहिले. घराला लागून संडास बांधला की परत न्यायचं, एवढंच ठरलं होतं. तिसरा मजला, लिफ्ट नाही, खिडकीबाहेर ट्रकच ट्रक. खाली उतरणं तिला शक्यच नव्हतं. रोज शाळेतून आले की तिचा एकच प्रश्न, "कवा नेतेस?" त्या प्रश्नाची मला धास्तीच बसली.

पंचायतीत म्हणाले, जागा मिठागराची, ना-हरकत आणा. तहसीलमध्ये म्हणाले, मीठ म्हणजे दिल्लीचं खातं. मिठाच्या कार्यालयात म्हणाले, जमीन तर राज्याची. मी टेबलावर हात आपटला. "याद्या मला शिकवू नका, मी शिकवते त्या!" कारकुनाने शांतपणे पाण्याचा ग्लास पुढे केला.

शेवटी तहसीलमधल्या एका भल्या माणसाने वाट दाखवली. मीठ काढणं बंद झालंय असं पाहणीत आलं, तर ती नुसती जमीन. मग परवानगी राज्याची. तसं ते बंद पडल्यातच जमा होतं. माणसं मिळत नव्हती. बाबा एकटेच एका कोपऱ्यात खाडीचं पाणी घेऊन घरापुरतं मीठ काढत. मी त्यांना दहादा बजावलं, "मीठ नाही म्हणायचं."

तहसीलचा पाहणीचा माणूस आला तेव्हा बाबा अगदी नीट बोलले. "कुठलं मीठ, सायेब? बंद हाय सगळं." त्याने लिहून घेतलं, चहा घेतला, उठला. आमच्याकडे पाहुणा रिकाम्या हाताने जात नाही. मीठ कुणाच्या हातावर द्यायचं नसतं, म्हणून पुरचुंडी बांधून उंबऱ्यावर ठेवायची आणि पाहुण्याने ती उचलायची. बाबांनी ठेवली.

"घ्या सायेब. कालच काढलंय."

त्याने पुरचुंडी उचलली, माझ्याकडे पाहिलं आणि वही पुन्हा उघडली. बिचारा प्रामाणिक होता. मी बाबांना नाही नाही ते बोलले. ते एवढंच म्हणाले, "पावना होता ना."

कागद मिठाच्या कार्यालयाकडे गेले. तिथे उलटं होतं. मीठ चालू असेल तर मिठागर राखणाऱ्याच्या सोयीसाठी म्हणून परवानगी निघणार होती. मी खूश झाले. आता बाबांना खरंच बोलायचं होतं. तेवढं त्यांना सांगायचं मी रविवारवर टाकलं, आणि तिथला माणूस आधीच, न कळवता येऊन गेला. मी शाळेत होते.

बाबांनी मिठाच्या ढिगावर गोणपाट टाकलं. मीठ नाय म्हणाले. चहा दिला आणि पाहुण्याला तसाच जाऊ दिला. आयुष्यात पहिल्यांदा. पुढे पत्र आलं: मीठ निघत नाही, सबब विषय राज्याचा. तहसीलमध्ये मात्र मीठ निघतं अशी नोंद होती.

पत्रानंतरच्या रविवारी बाबा जिने चढून आले आणि आईच्या खाटेशी बसले. त्यांच्यापेक्षा मला माझाच राग येत होता.

"पावना आलावता म्हणं," आई म्हणाली. "मीठ दिलं ना त्याला?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीबाहेर बघत राहिले.

"दिलं," ते म्हणाले.

आईचा चेहरा खुलला. "मग आपलं काम व्हतंय," ती म्हणाली आणि मला तिची पिशवी भरायला सांगितली.