उभे दाजी

माणसाला छळण्याचे जगात जेवढे म्हणून प्रकार आहेत, त्यांतला काहीही न करता छळण्याचा प्रकार माझ्या थोरल्या बहिणीच्या नवऱ्याइतका कुणालाच साधला नसेल. दाजी नुसते उभे राहत. गुडघे किंचित वाकवलेले, दोन्ही हात पुढे, न दिसणारा रांजण कवटाळल्यासारखे. आणि हे असं तासभर. ट्रकवर ड्रायव्हर होते तेव्हा एकदा कलकत्त्यात गाडी बंद पडली आणि दोन महिने तिथेच अडकले. गॅरेजशेजारच्या एका म्हाताऱ्या चिनी सुताराने त्यांना ही ताय-ची नावाची विद्या दिली. लोक कलकत्त्याहून साड्या आणतात, आमचे दाजी उभं राहणं घेऊन आले. "उभा तर बैलबी राहतो," मी एकदा चिडून म्हणालो. "राहतो ना, पाव्हणं," दाजी म्हणाले, "पर त्याचं ध्यान कडब्यात असतंय."

उभे असताना ते बोलत नसत. एकदा आक्का चुलीवर दूध ठेवून, "जरा बघा हो," असं त्यांना सांगून पाण्याला गेली. परत आली तर दूध राखेत आणि दाजी समोर उभे. राहिलेली दहा मिनिटं त्यांनी पुरी केली, हात खाली घेतले आणि शांतपणे सांगितलं, "पाह्यलं मी. बराबर पाह्यलं. उतू गेलं." आक्का पदर तोंडाला लावून हसत सुटली, याचा मला दुधापेक्षा जास्त राग आला.

खरा उच्छाद मात्र रस्त्यावर. रोज सकाळी ते कनेरगाव नाक्यावरच्या लिंबाखाली उभे राहत, आणि आमचा बसथांबाही नेमका तोच. त्यांच्या दुसऱ्या पवित्र्यात एक हात पुढे आणि तळवा बाहेर असे. वाशिमहून येणारी एसटी तो हात बघून करकचून थांबे. "चढता का न्हाई?" कंडक्टर ओरडे. दाजी ढिम्म. असं पाच-सहा वेळा झाल्यावर ड्रायव्हर मंडळींनी ठरवूनच टाकलं, की त्या लिंबाखाली कुणी कसाही हात करो, गाडी थांबवायची नाही.

ते भोवलं मला. बी.ए. होऊन दोन वर्षं मी बहिणीकडे फुकटचे तुकडे मोडत होतो. शेवटी हिंगोलीच्या एका शाळेतून मास्तरकीच्या मुलाखतीचं बोलावणं आलं. इस्त्रीचा सदरा घालून मी थांब्यावर गेलो, दोन्ही हात हलवले, आणि एसटी माझ्या तोंडावर धूळ उडवत निघून गेली. वेळेत पोचवणारी आता एकच गाडी उरली होती. लिंबाखाली दाजी उभेच होते. मी त्यांना तोंडाला येईल ते बोललो. "तुमच्या या उभं राहण्यापायी माझं वाटोळं झालं," इथपर्यंत गेलो. त्यांनी पापणीही हलवली नाही.

वळणावर दुसरी गाडी दिसली आणि दाजींनी पवित्रा अर्धा सोडला. मी हे पहिल्यांदाच पाहत होतो. ते चालत रस्त्याच्या मधोमध गेले, गुडघे वाकवले आणि गाडीकडे तोंड करून रांजण कवटाळला. ड्रायव्हरने हॉर्नवरचा हात काढला नाही, आणि दाजी जागचे हलले नाहीत. मी डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा गाडी त्यांच्या हातांपासून वीतभर अंतरावर थांबली होती. ड्रायव्हर खिडकीतून त्यांच्या सात पिढ्या उद्धारत होता. उभे असताना कधी न बोलणारे दाजी तेव्हा मात्र बोलले, "काहून वरडून राह्यले? पोराला चढू द्या."

नोकरी लागली. पुढे सुट्टीत गेलो की मी त्यांची थट्टाच करायचो. आभार मानायचं राहून गेलं, आणि आता कुणाचे मानणार? दाजी गेल्यावर आक्काने मला सांगितलं, की त्या दिवशी घरी आले तेव्हा त्यांचे पाय लटलट कापत होते. उंबऱ्यावरच बसले, तांब्याभर पाणी प्यायले आणि झालेलं तिला सांगितलं. "गाडीचा ब्रेक लागला नसता तर?" तिने रडत विचारलं.

"तर पोराची नौकरी गेली असती ना," दाजी म्हणाले.