थोरलीच्या मुलाचे एकशे ऐंशी

धाकटी जाऊ चष्म्याचं दुकान चालवायची. गिऱ्हाइकाशी गोड, चेहरा हसरा, पण एकदा टोचलेलं बोलणं ती विसरायची नाही. शाळेत असताना ती एकदा गणितात नापास झाली होती. थोरल्या जावेला ते कुठून तरी कळलं आणि मग घरी पाहुणा आला की थोरली ठरल्यासारखी म्हणायची, "आमच्या धाकटीला आकडे सोडून काहीही विचारा हं!" सगळे हसत. धाकटीही हसे आणि मनात डूख धरी.

यंदा थोरलीचा मुलगा आणि धाकटीची मुलगी, दोघंही कॉलेजच्या प्रवेश परीक्षेला बसली. दिवस वेगळे, पेपरही वेगळे. उत्तरं जाहीर झाल्यावर मुलांनी आपापले मार्क मोजले. मुलाला एकशे ऐंशी, मुलीला एकशे पासष्ट. थोरलीने लगेच फोन फिरवला.

"वाईट वाटून घेऊ नकोस गं. पोरगी शेवटी आईच्याच वळणावर जाणार!"

धाकटीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. मुलगी म्हणाली, "आई, हे मार्क धरतच नाहीत. निकाल पर्सेंटाइलवर लागतो."

"म्हणजे टक्केच ना?"

"अजिबात नाही!"

मुलीने समजावलं, धाकटीच्या डोक्यावरून गेलं. पण तिने पिच्छा सोडला नाही. दुकानात गिऱ्हाईक नसलं की परीक्षेचं माहितीपत्रक उघडायची, अडलं की मुलीला पिडायची. शेवटी एकदाचं तिच्या टाळक्यात शिरलं आणि ती निकालाची वाट बघत बसली.

निकाल लागला त्याच दिवशी सासऱ्यांच्या वाढदिवसाला सगळे जमले होते. मुलीला शहाण्णव पर्सेंटाइल, मुलाला एक्क्याण्णव.

"मशीन बिघडलंय," थोरली कडाडली. "जास्त मार्क मिळवून माझा मुलगा खाली कसा?"

धाकटीने हातातलं ताट खाली ठेवलं. "ताई, त्याचा पेपर सोपा होता. तेवढे मार्क त्या दिवशी पुष्कळांना पडले. आपल्याच दिवशी बसलेल्या दर शंभर मुलांत किती जण आपल्याइतके किंवा आपल्या खाली, एवढंच बघतात. त्याच्या दिवशी एक्क्याण्णव निघाले, हिच्या अवघड पेपराला शहाण्णव. समजलं, की परत सांगू?"

कुणीतरी फिस्सकन हसलं. मुलगा मान खाली घालून पानावरून उठला.

"आई, पुरे," मुलगी पुटपुटली.

पण धाकटीचं कुठलं पुरे व्हायला! "सोपं आहे हो ताई. लहान मुलांनाही कळतं."

मुलगी घरी जाईपर्यंत तिच्याशी बोलली नाही. पुतण्याचं धाकटीला वाईट वाटलं, थोरलीचं मात्र तसूभरही नाही.

काही दिवसांनी थोरली दुकानात आली. मुलगा पुन्हा परीक्षेला बसणार होता. धाकटीने तिला स्टुलावर बसवलं आणि समोरच्या गिऱ्हाइकाला मुद्दाम आणखी चार फ्रेमा दाखवल्या. मग सावकाश वळली.

"बोला."

"या वेळी किती मार्क पाडायला हवेत त्याने?"

"ते आधी कसं सांगणार? बाकीची मुलं कशी लिहितात त्यावर ठरतं. पर्सेंटाइल म्हणजे काय समजलात, सांगा बघू."

"म्हणजे... शंभरातले टक्के..."

"चूक. परत."

थोरलीचा चेहरा लाल झाला, पण मुलासाठी तिने पुन्हा सुरुवात केली. परत चुकली. परत सांगितलं. अखेर जमलं.

"बरोबर," धाकटी म्हणाली. तो एक शब्द तिला इतका गोड लागला की तिने तो पुन्हा उच्चारला.

दारातून थोरली मागे वळली. "हे घरी कुणाला सांगू नकोस हं."

"बघते," धाकटी म्हणाली आणि काच पुसायला लागली.