खाटेवर कोण झोपणार

मॅडमनी माझ्या तळपायावरून किल्ली ओढली. टाचेपासून करंगळीकडं, तिथून वळून अंगठ्याकडं. बोटं हलली नाहीत.

परत ओढली. जोरात. परत काही नाही.

मेडिकलचं पहिलं वर्ष, फिजिऑलॉजीच्या प्रॅक्टिकलची लोखंडी खाट. मी तिच्यावर उताणी, सलवार घोट्याच्या वर, आणि माझ्या पायाशी बॅचमधल्या सगळ्या पोरी वाकलेल्या. मेंदूपासून पायापर्यंतच्या नसा धड असल्या की तळव्यावर किल्ली फिरताच अंगठा खाली वाकतो. तेच बघायचं होतं. माझा वाकला नाही.

मॅडम किल्ली पुसत म्हणाल्या, "कातडी आहे का टायर? बघा गं, हिच्या मेंदूपर्यंत काही पोचतच नाही."

मग माझ्याकडं न बघताच, "कॅटेगरीतून आलीयस ना तू? तरीच."

पोरी हसल्या. सगळ्यांत मोठ्यानं ईशा. तिचे आईवडील दोघंही डॉक्टर, शहरात स्वतःचं हॉस्पिटल, मॅडमची त्यांच्या घरी ऊठबस. त्या दिवसापासून मी टायर. "टायर, जर्नल दे." "टायर, सरक की." आणि मी सरकायची. मूग गिळून.

ह्या पायांचं सांगते. आमचं मूळ गाव करमाळ्याकडचं. आईअण्णा पोटामागं सोलापूरला आले आणि अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात लागले. अण्णा मागावर, आई घडीवर. माल पांढरा. डाग पडायला नको म्हणून चपला आत न्यायच्या नाहीत, दारातच काढायच्या. शाळेच्या सुट्ट्यांत माझ्या मैत्रिणी मामाच्या गावाला जायच्या. मी त्या खरबरीत फरशीवर अनवाणी उभी राहून टॉवेलांच्या घड्या घालायची. त्याच टॉवेलांनी लोक तोंड पुसतात. ईशासुद्धा पुसत असेल.

खरं सांगायचं तर ते हसू अजून गेलेलं नाही. कुणाच्या घरी दारात चप्पल काढायची वेळ आली की किल्ली तळव्यावरून फिरते. नव्या पेठेत गर्दीत मागं कुणी हसलं की मी आधी माझ्या पायांकडं बघते. मी मोजे घालून झोपते. सोलापूरच्या उन्हाळ्यात! होस्टेलच्या रूममधल्या पोरी म्हणतात, "वेडी हायस का गं?" असेन.

पण त्याहून वाईट गोष्ट मला उशिरा कळली. प्रॅक्टिकलला एकीनं खाटेवर झोपायचं आणि बाकीच्यांनी तिला तपासायचं, अशी पद्धत. झोपणारीला सब्जेक्ट म्हणतात. आळीपाळीनं झोपावं असं म्हणतात, पण आमच्याकडं पाळी फिरलीच नाही. ईशा गुडघा तपासायची रबरी हातोडी उचलायची आणि विचारायची, "चला, कोण झोपतंय?" उत्तर सगळ्यांना ठाऊक असायचं. मी, नाहीतर स्वप्ना. स्वप्ना पूर्व भागातल्या तेलुगू विणकराच्या घरची. माझ्यासारखीच, तोंड न उघडणारी.

परीक्षा जवळ आली तशी कँटीनमागच्या कट्ट्यावर चर्चा सुरू झाली. कुठली नस मणक्यात कुठं बाजू बदलते, छोट्या मेंदूला मार लागला तर माणूस कसा झोकांड्या खातो. मी सगळं घडाघडा सांगत होते. तेवढ्यात एकीनं विचारलं, "गुडघ्याचा झटका काढताना हातोडी मनगटातून सोडायची का कोपरातून?"

मला माहीत नव्हतं. ह्या सबंध वर्षात माझ्या हातात हातोडी आलीच नव्हती. मी फक्त झोपले होते. परीक्षेत तर हातोडी हातात देतात आणि करून दाखव म्हणतात. नापास झाले तर वर्ष जाणार. घरचे एका शब्दानं बोलणार नाहीत. मॅडम मात्र बोलणार. "तरीच."

रविवारी दुपारी घरी गेले. आईला पलंगावर आडवं केलं आणि तिच्या तळव्यावरून किल्ली ओढली.

"काय गं, आत्ताच डाक्टरीन झालीस व्हय?"

"गप पड की जरा."

बोटं हलली नाहीत. आईचे तळवे माझ्यापेक्षा टणक, टाचांना भेगा. कानात तेच हसू आलं. माझ्या आईच्या पायाशीसुद्धा त्या पोरी वाकून उभ्या आहेत असं वाटलं. लई राग आला. मी उठून गरम पाणी केलं, घमेल्यात तिचे पाय भिजत घातले, दगडानं घासले, पुसले आणि परत किल्ली ओढली.

अंगठा खाली वाकला. स्पष्ट.

"आगं गुदगुल्या हुत्यात की!" आई पाय ओढून घेत हसायला लागली.

मला रडू फुटलं. आईला वाटलं परीक्षेचं टेन्शन. "हुतंय गं समदं," म्हणाली. काय सांगू? की नस धड होती, नुसती कातडी जाड होती? एवढं मॅडमना ठाऊक नसेल? इतकी वर्षं शिकवतात. ठाऊक होतं. पाय भिजवून आण म्हणाल्या असत्या तर सगळ्या बॅचला एक गोष्ट शिकायला मिळाली असती. त्यांनी टायर शिकवला.

उजळणीचं शेवटचं प्रॅक्टिकल काल झालं. मॅडम टेबलाशी बसलेल्या. ईशानं हातोडी उचलली.

"चल गं टायर, झोप."

माझा पाय चपलेतून निघालाही होता. गुडघ्याचा झटका मेंदूला विचारून येत नाही, मणक्यातूनच परत फिरतो. तसंच झालं होतं माझं. मी पाय परत चपलेत घातला.

"आज तू झोप," मी म्हणाले.

"मी?" ईशा हसली. मॅडमकडं बघितलं.

"वेळ घालवू नकोस," मॅडम मला म्हणाल्या. "झोप लवकर."

"न्हाय मॅडम." घाबरले की माझ्या तोंडात घरची भाषा येते. आली तर आली. "मला हातोडी धरायचीय. वर्षभर दिली न्हाय कुणी."

कुणीतरी खुसखुसलं. आणि तेवढ्यात, आई गं, स्वप्ना खाली वाकली. तिला कुणी सांगितलंही नव्हतं. ती आपली मुकाट्यानं सँडलचा पट्टा सोडत होती. मी तिचं मनगट धरलं.

"तू नको, स्वप्ना. ईशा झोपंल."

स्वप्नानं माझ्याकडं बघितलं. मग हळूच पट्टा परत लावला.

ईशा जागची हलली नाही. बाकीच्याही नाहीत. मॅडमचं तोंड लाल झालं. "फारच शहाणी झालीस. परीक्षेला टेबलाच्या पलीकडं मीच असणार आहे, लक्षात ठेव," म्हणाल्या आणि निघून गेल्या. खाट तशीच रिकामी राहिली. ईशाच्या हातातली हातोडी मी घेतली. तिनं सोडली. बहुतेक तिलाही काय करावं कळलं नसेल.

काल संध्याकाळपासून मी आणि स्वप्ना रूमवर सराव करतोय. एकदा ती झोपते, एकदा मी. हातोडी मनगटातून सोडायची असते. आता येतं मला.

हसू अजून ऐकू येतं. आज सकाळीही आलं. मॅडम मला पाडतील, ह्याचीही मला जवळजवळ खात्री आहे. पाडू देत. नापास व्हायचंच असेल तर हातोडी हातात धरून होईन. त्या खाटेवर झोपून पास होणार नाही.