शेगडीपासून दोन फूट

आमच्या पोशीरच्या घरात सकाळचा पहिला चहा बाबा करायचे, अगदी लग्न झाल्यापासून. आई दिवसभर शेतात आणि घरात राबते, एक कप तरी तिला आयता मिळू दे, एवढंच त्यांचं म्हणणं. गावात थट्टा व्हायची, पण बाबांनी कधी मनाला लावून घेतली नाही. आई मात्र पहिला घोट घेतला की रोज म्हणायची, साखर जास्त झाली. आणि कप रिकामा करायची.

मग बाबांना चक्कर यायला लागली. एका सकाळी गॅस चालू ठेवून ते ओट्याला धरून नुसते उभे राहिले आणि पातेल्याचा कोळसा झाला. मी खोपोलीहून तणतणत आले ती इंडक्शनची शेगडी घेऊनच. भांडं रिकामं तापलं तर आपली आपण बंद होते म्हणे. पुढे कळलं, बाबांचं हृदय फार हळू चालत होतं. त्यांच्या डाव्या खांद्याखाली काड्यापेटीएवढा पेसमेकर बसला आणि मी आणलेली शेगडीच आमच्या घरात वैरीण झाली.

त्याचं असं झालं. घरी सोडताना नर्सबाईंनी सगळं नीट समजावलं. ते यंत्र हृदयाचे ठोके ऐकत असतं. फार जवळ विजेच्या आणि चुंबकाच्या लहरींचा गोंगाट झाला तर त्याची फसगत होऊ शकते. चारचौघांना ज्या लहरींनी काही होत नाही, त्यांच्यापासूनही यंत्र बसवलेल्या माणसानं जरा जपायचं. मोबाइल छातीपासून वीतभर लांब ठेवायचा, इंडक्शन चालू असेल तर दोन फुटांवर राहायचं, वेल्डिंगच्या जवळ जायचं नाही. बाकी खुशाल हिंडा-फिरा. आणि डॉक्टर म्हणाले, गॅसपाशी काही महिने नको.

आईनं त्यातलं खुशाल तेवढं ऐकलंच नाही. तिनं बाबांच्या सगळ्या सदऱ्यांचे डावे खिसे उसवून उजवीकडे शिवले. मिक्सर लावायचा तर बाबांची रवानगी पडवीत. शेताच्या वाटेवर विजेची डीपी आहे, म्हणून बाबांनी अख्खा बांध वळसा घालून जायचं. आणि स्वयंपाकघरात तिनं गेरूनं रेघ ओढली, शेगडीपासून चांगली तीन फुटांवर. मी टेप लावून दाखवला, म्हटलं कंपनी दोन सांगते. तर म्हणे, कंपनीला काय, कंपनीचा नवरा हाय का तो!

बरं, रेघेबाहेरून चहा करू द्यावा, तर तेही नाही. शेगडी बंद असली तरी बाबांनी स्वयंपाकघरात पाऊल टाकायचं नाही. चहा आईच करून पडवीत आणून द्यायची. बाबा मुकाट प्यायचे. चक्कर गेली होती, चेहऱ्यावर तजेला आला होता, पण माणूस दिवसभर पडवीत नुसता बसून असायचा. शेतावर भाऊ, घरात आई. आपलं म्हणून करण्यासारखं त्यांच्याकडे ते एकच काम उरलं होतं आणि तेही गेलं.

तपासणीला पनवेलला गेलो तेव्हा मीही सोबत होते. यंत्र तपासणाऱ्या मुलीनं सगळं छान आहे म्हणून सांगितलं आणि काही विचारायचंय का म्हणाली. बाबांनी आईकडे बघितलंच नाही.

"हिला चहा करून दिला तर चालंल का?"

ती पोरगी हसली. चालेल की, म्हणाली, फक्त छाती दोन फूट लांब ठेवा, वाकू नका. आई तिच्याकडे रोखून बघत राहिली. त्या रात्री मी पोशीरलाच राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी भांड्यांच्या आवाजानं मला जाग आली. बघते तर काय! बाबा गेरूच्या रेघेमागे ताठ उभे आणि हातात लग्नाच्या पंगतीत आमटी वाढायचा लांब दांड्याचा डाव. पातेलं आईनं ठेवलेलं, बटणही तिनंच दाबलेलं. ती कमरेवर हात ठेवून पहारा देत होती. बाबांनी डावात चहापूड घेऊन हात लांबवून पाण्यात सोडली. मग साखर. डावात एक चमचा घातला, थोडं थांबले, आणि आणखी एक घातला. मला हसू आवरेना.

इतक्या वर्षांत आईनं त्यांना चहा करताना बघितलंच नव्हतं. चहा व्हायचा तेव्हा ती अंथरुणातच असायची.

"अवं, मुद्दाम घालता व्हय जास्त?"

बाबा ढवळत राहिले. मग म्हणाले, "तू साखरंवरनं बोललीस की माझा दिस चालू व्हायचा गं. दवाखान्यातून आल्यापास्नं बोललीच नाय तू."

आईनं पदरानं डोळे पुसले आणि वर म्हणाली वाफ गेली डोळ्यात. बटण बंद केलं, गाळणं घेतलं, दोन कप भरले. रेघेच्या अलीकडे येऊन बाबांना खाली बसवलं आणि त्यांच्या अगदी खांद्याला खांदा लावून बसली, यंत्र होतं त्याच बाजूला. पहिला घोट घेतला.

"साखर जास्त झालीय," ती म्हणाली.