खंडेनवमीला घरी राहिलेली वायर

आप्पांच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्याचं कळलं त्या वर्षी माझी बी.एस्सी. नुकतीच पूर्ण झाली होती. आमच्या घरातली मी पहिली पदवीधर. आप्पा साखर कारखान्याला ऊस वाहणाऱ्या ट्रॅक्टरवर ड्रायव्हर होते, आई लोकांच्या रानात खुरपायला जायची, आणि त्यांच्या पोटी जन्मलेली मी भौतिकशास्त्र घेऊन पास झाले. हे सांगताना मला आजही बरं वाटतं, आणि ते लपवण्याचं काही कारण मला दिसत नाही. पण पदवीनं आप्पांचं रक्त शुद्ध होणार नव्हतं. त्यासाठी आठवड्यातून दोनदा नेवाशाहून नगरच्या सेंटरला डायलिसिसच्या पाळीला जावं लागे. जाताना एसटीत कुणीतरी जागा द्यायचं. येताना मशीनवरून उठलेला माणूस नगरच्या स्टँडवर गर्दीत उभा असायचा, पाय थरथरत असायचे, आणि लोकांना वाटायचं की हा पिऊन आला आहे. एकदा कंडक्टरनं तसं बोलून दाखवलं. आप्पा पुढच्या पाळीला जायला तयारच होईनात. ती पाळी चुकली. दोन दिवसांत त्यांच्या पायांना सूज आली, उताणं झोपवेना, बसूनच श्वास घ्यावा लागला. पाळी चुकणं म्हणजे काय, ते तेव्हा आम्हाला कळलं.

मी कॉलेजात प्रयोगशाळा सहायक म्हणून लागल्यावर आम्ही एक जुनी इलेक्ट्रिक गाडी घेतली. पहिल्या पहिल्या गाड्यांपैकी, कुठल्याशा ऑफिसात वापरून टाकून दिलेली. स्वस्त मिळाली त्याला कारण होतं. तिची बॅटरी दमलेली होती आणि फास्ट चार्जिंगचं तोंड जुन्या पद्धतीचं होतं. सुरुवातीला देशात एक पद्धत आली, त्याप्रमाणे काही मशिनी बसल्या, मग सगळ्या नव्या गाड्यांना दुसरंच तोंड ठरलं आणि आमच्यासारख्यांच्या गाड्या मागे राहिल्या. घोडेगावच्या अलीकडे एका हॉटेलात मात्र त्या जुन्या तोंडात बसणारी गन असलेलं चार्जिंगचं मशीन होतं. तिथं थोडं थांबायचं, आप्पांनी गाडीतच डोळे मिटून पडायचं, मग घाट चढून नगर गाठायचं, असं आमचं बसलेलं होतं. शिवाय साध्या पिनची घरची वायर मी कायम डिकीत ठेवायचे, मशीन बंद असलं तर कुठल्याही सॉकेटला लावता यावी म्हणून. मी देव मानते, पण देवाच्या भरवशावर गाडी काढत नाही.

खंडेनवमीला आप्पांची पाळी आली. दुसऱ्या दिवशी दसरा, सेंटर बंद. म्हणजे ही पाळी गेली तर पुढे कधी, ते कुणी सांगू शकत नव्हतं. सकाळपासूनच आप्पांना धाप लागत होती.

हॉटेलवर पोहोचलो तर जुनं मशीन काढून तिथं नवीन उभं केलेलं होतं. चकचकीत, दोन गनचं. दोन्ही गन नव्या पद्धतीच्या. मी उगाचच एक हातात घेऊन गाडीच्या तोंडाशी नेऊन पाहिली. बसत नाही हे ठाऊक असूनही माणूस तसं करतो. मॅनेजर म्हणाला, "मॅडम, त्या जुन्या मशीनवर तुमच्याशिवाय कुणी येतच नव्हतं." मी साध्या सॉकेटवर लावते म्हणाले, त्यानं बिचाऱ्यानं लगेच किचनच्या मागचं सॉकेट दाखवलं. डिकी उघडली तर घरची वायर नव्हती.

मी आईला फोन केला.

"ती व्हय?" आई म्हणाली. "ती देवापुढं ठिवली हाय. खुरपं, विळा, आप्पांचा पाना आन् ती वायर. सकाळीच धुऊन-पुसून हळदकुंकू वाह्यलं."

"आई, वायर काय हत्यार आहे का?"

"तुजी गाडी तिच्यावरच चालती ना? मग हत्यारच की! आन् आता दसऱ्यापर्यंत उचलायचं न्हाई."

परत घरी जाऊन वायर आणण्याइतका वेळ नव्हता. आमच्याकडे खंडेनवमीला ज्याच्यावर पोट चालतं ते सगळं देवापुढे मांडतात आणि त्याला एक दिवस विश्रांती देतात. आईच्या हिशेबानं ती बरोबरच होती. ओळखीच्या दोन गाडीवाल्यांना फोन केले, दोघांच्याही गाड्या पूजेसाठी धुवायला काढलेल्या. एसटी खच्चून भरून जात होत्या. एकही थांबली नाही. बॅटरीत घाट चढण्याइतकं काही नव्हतं, तरी मी गाडी काढली. का काढली ते सांगता येत नाही. एका जागी उभं राहवेना एवढंच.

थोडं पुढे गेल्यावर रस्त्याला लागून एका वस्तीवर देवीचं देऊळ आहे. समोर मंडप घातलेला, आत कीर्तन चाललेलं. आप्पा म्हणाले, "थांब जरा. देवीला हात जोडू."

"आप्पा, वेळ नाहीये."

"हात जोडाया कितीक येळ लागतो?"

मला राग आला होता, पण गाडी मंडपाजवळच्या झाडाच्या सावलीत लावली. आप्पांनी काच खाली करून बसल्या जागेवरूनच हात जोडले. मी जोडले नाहीत. मी मंडपाच्या बाजूला बघत होते, आणि तिथं जनरेटरच्या बोर्डावर तीन भोकांचं निळं, जाड सॉकेट होतं.

गाडीसोबत तिच्या जुन्या ऑफिसातून आलेली एक दुसरी वायर होती. सरकारनं अगदी सुरुवातीला लावलेल्या चार्जरांवर असलं निळं सॉकेट असायचं, त्याला जुळणारा निळा प्लग तिच्या टोकाला होता. ते चार्जर आमच्या भागात मी कधी पाहिलेच नव्हते, त्यामुळे ती वायर स्टेपनीखाली तशीच पडून होती. फेकून द्यायची रोज राहून जायची. मी ती ओढून काढली. माझे हात धुळीनं भरले आणि मला वाटतं तेव्हाच मी पहिल्यांदा देवळाकडे नीट पाहिलं.

मंडपवाल्यानं सगळं ऐकून घेतलं. म्हणाला, "ताई, एवढा लोड घेतला तर कूलर बंद करावे लागतील. आन् कूलर बंद केले तर ह्या बायका मला इथंच फाडून खातील."

"मग त्यांनाच विचारा."

तो बायकांच्या बाजूला जाऊन वाकून काहीतरी बोलला. पलीकडून एक आवाज कीर्तनाच्या वरताण आला, "बंद कर रं! घरी कुटं कूलर हायेत आमाला?" हशा पिकला. कीर्तनकार महाराजही क्षणभर थांबून हसले आणि पुन्हा अभंगावर आले.

कूलर थांबले. निळा प्लग निळ्या सॉकेटात बसला. आणि गाडीच्या चार्जरवर लाल दिवा लागला. लाल दिवा म्हणजे अर्थिंग नाही. अर्थिंगशिवाय ही गाडी वीज घेत नाही. मी जाऊन पाहिलं, जनरेटरची अर्थिंगची सळई कोरड्या मुरमात ठोकलेली होती. पाणी ओतायला हवं होतं. टँकर गावात गेलेला, पिण्याचे जार रिकामे. तेवढ्यात एक म्हातारी अनवाणी देवळाकडे निघालेली दिसली, हातात तांब्या. नवरात्रभर पायात काही न घालण्याचं तिचं व्रत असावं.

"मावशी, हे पाणी द्याल का? इथं जमिनीत ओतायचंय."

"जमिनीत? आन् देवीला काय घालू, तुजी गाडी?"

मी गाडीकडे बोट केलं. तिनं गाडीकडे पाहिलं, मागच्या सीटवर खांदे वर करून श्वास घेणारे आप्पा तिला दिसले. "कुटं न्यायचंय त्येन्ला?"

"नगरला. डायलिसिसला."

तिनं तिथंच वाकून सगळा तांब्या सळईच्या बुडाशी रिकामा केला. "देवीला दुसरं आनते," ती म्हणाली. "ती काय कुटं पळून चालली न्हाई." आणि ज्या वाटेनं आली होती त्याच वाटेनं उन्हात परत गेली.

दिवा हिरवा झाला.

हा चमत्कार होता असं मी म्हणत नाही. मंडपवाले, साऊंडवाले असलंच सॉकेट वापरतात, आणि ओल्या जमिनीतून अर्थिंग मिळतं हे मी मुलांना प्रयोगशाळेत दाखवते. प्रत्येक गोष्टीचं कारण मला देता येतं. फक्त या सगळ्या गोष्टी त्या दुपारी त्याच झाडाच्या सावलीत का होत्या, याचं कारण माझ्याकडे नाही, आणि ते शोधत बसावं असं मला आता वाटत नाही. नवरात्रातलं ऊन तापलं होतं. बायका पदरानं वारा घेत कीर्तन ऐकत होत्या. एकीनंही मागे वळून किती वेळ लागेल म्हणून विचारलं नाही. मी त्यांच्यातच मागे जाऊन बसले. शिकल्यापासून मला सगळं आपल्या हातात असलेलं बरं वाटतं. त्या तासाभरात माझ्या हातात करण्यासारखं काहीच नव्हतं. दिवा हिरवा होता आणि बाकीचं दुसऱ्यांनी उचललेलं होतं. आपल्याला जमतं तेवढं करून झालं की उरलेलं दुसऱ्याच्या हाती सोपवावं, आणि सोपवताना मान खाली घालू नये, एवढं मी तिथं शिकले. त्या माणसांमागे कोण उभं होतं ते ज्यानं त्यानं ठरवावं. मी माझं ठरवलं आहे. निघताना मी हात जोडले.

घाटात गाडी हळू चढली, पण चढली. आप्पांची पाळी त्या दिवशी चुकली नाही, आणि त्यानंतर आजपर्यंत एकही चुकलेली नाही.